गाडीचा सर्पेंटाइन बेल्ट कधी आणि कसा बदलायचा? बॉनेटखालची ‘किर्रर्र’ काय सांगते?

पावसाळ्यातली सकाळ. गाडी सुरू केली की बॉनेटखालून कर्कश ‘किर्रर्र’ असा आवाज येतो. पार्किंगमधले दोघं-तिघं वळून बघतात. मिनिटभरात आवाज थांबतो, गाडी नेहमीसारखी चालते आणि आपणही विषय विसरतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

हा आवाज बऱ्याचदा एका रबरी पट्ट्याचा असतो. त्याचं नाव सर्पेंटाइन बेल्ट. इंजिनाच्या आकाराच्या मानाने हा भाग अगदी साधा आणि स्वस्त. पण तो तुटला तर बॅटरी चार्ज होणं थांबतं, एसी बंद पडतो, अनेक गाड्यांत स्टिअरिंग जड होतं आणि इंजिन तापायला लागतं. हे सगळं घाटाच्या चढावर झालं, तर काहीशे रुपयांच्या पट्ट्यापायी इंजिनाचं मोठं काम निघू शकतं.

हा बेल्ट नेमकं काय करतो, तो झिजलाय हे कसं ओळखायचं, आणि बदलताना काय काळजी घ्यायची, हे या लेखात समजून घेऊ.

सर्पेंटाइन बेल्ट म्हणजे काय?

इंजिन फक्त चाकं फिरवत नाही. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, इंजिन थंड ठेवणारं कूलंट फिरवणारा वॉटर पंप आणि हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असेल तर त्याचा पंप, या सगळ्यांना फिरवायची ताकदही इंजिनच देतं.

इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या टोकाला एक पुली असते. तिच्यावरून निघालेला लांब पट्टा या सगळ्या उपकरणांच्या पुलींभोवती वळणं घेत पुन्हा क्रँकच्या पुलीवर येतो. त्याची ही वाट सापासारखी नागमोडी असते, म्हणून नाव सर्पेंटाइन.

पूर्वी प्रत्येक उपकरणासाठी वेगळा, इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा पट्टा असायचा. १९७९ च्या फोर्ड मस्टँगपासून एकाच लांब पट्ट्यावर सगळं चालवायची पद्धत मोटारींमध्ये रुळत गेली. आजच्या बेल्टला आतल्या बाजूने लांबीभर समांतर धारा असतात. त्यांना रिब म्हणतात. या रिब पुलीच्या खाचांत बसतात आणि पकड घेतात.

सगळ्याच गाड्यांत एकच बेल्ट असतो असं नाही. काही छोट्या गाड्यांत अल्टरनेटर आणि वॉटर पंपासाठी एक, तर एसीसाठी दुसरा बेल्ट असतो. इलेक्ट्रिक गाडीत इंजिनच नाही, त्यामुळे हा बेल्टही नाही.

फॅन बेल्ट, टायमिंग बेल्ट आणि हा बेल्ट: फरक काय?

गॅरेजमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

‘फॅन बेल्ट’ हे जुनं नाव. अँबेसेडर, पद्मिनीच्या काळात रेडिएटरचा पंखा बेल्टवर फिरायचा, म्हणून ते नाव पडलं. आज बहुतेक हॅचबॅक आणि सेडान गाड्यांचा पंखा विजेवर चालतो, तरी अनेक मेकॅनिक बाहेरच्या बेल्टला फॅन बेल्टच म्हणतात. कुणी ‘अल्टरनेटर बेल्ट’ म्हणतं, तर सर्व्हिस सेंटरच्या बिलावर ‘ड्राइव्ह बेल्ट’ लिहिलेलं असतं. साधारणपणे हे सगळे बाहेरच्या बेल्टबद्दलच बोलत असतात.

टायमिंग बेल्ट मात्र पूर्णपणे वेगळा. तो कव्हरच्या आत असतो, त्याला आडवे दाते असतात आणि तो क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्टचा ताळमेळ राखतो. तो तुटला तर इंजिन जागेवर बंद पडतं, आणि अनेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून मोठं नुकसान होतं. टायमिंग बेल्टऐवजी चेन असलेल्या गाड्याही भरपूर आहेत.

म्हणून ‘माझ्या गाडीला टायमिंग चेन आहे, बेल्टची भानगड नाही’ असं समजू नका. चेन असली तरी बाहेरचा बेल्ट असतोच.

तुटला तर नेमकं काय होतं?

बेल्ट तुटला की इंजिन लगेच बंद पडत नाही. खरा धोका त्यातच आहे. गाडी चालतेय म्हटल्यावर माणूस ‘पुढच्या गावापर्यंत नेऊ’ असं म्हणतो.

साधारण क्रम असा असतो. बॉनेटखालून फटका बसल्यासारखा आवाज येतो. डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागतो. एसीतून गरम हवा यायला लागते. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असेल तर स्टिअरिंग एकदम जड होतं. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग बेल्टवर चालत नाही, पण बॅटरी उतरत गेली की त्याचीही साथ सुटते.

पुढचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. वॉटर पंप याच बेल्टवर असेल, तर कूलंट फिरणं थांबतं आणि तापमानाचा काटा वर चढतो. चढ असेल, गाडी भरलेली असेल, तर हे काही मिनिटांतच होऊ शकतं. तरीही गाडी दामटली तर हेड गॅस्केट जाणं किंवा सिलिंडर हेड वाकणं ठरलेलं. काही गाड्यांत वॉटर पंप टायमिंग बेल्टवर असतो. तिथे इंजिन लगेच तापत नाही, पण बॅटरी संपली की गाडी थांबतेच.

जुन्या डिझेल गाड्या वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. डिझेल इंजिनात ब्रेकच्या बूस्टरसाठी वेगळा व्हॅक्युम पंप लागतो. काही गाड्यांत तो अल्टरनेटरच्याच मागे जोडलेला असतो. अशा गाडीत बेल्ट तुटला की दोन-चार वेळा ब्रेक दाबल्यावर पेडल कडक होतं. ब्रेक लागतो, पण त्यासाठी पायाला खूप जोर लावावा लागतो. उतारावर हे फार धोक्याचं आहे.

किती किलोमीटरला बदलायचा?

याचं पहिलं उत्तर तुमच्या गाडीच्या ओनर्स मॅन्युअलमध्ये आहे. देखभालीच्या तक्त्यात ‘ड्राइव्ह बेल्ट’ या ओळीसमोर तपासणीचं आणि बदलण्याचं अंतर दिलेलं असतं. त्यात किलोमीटर आणि महिने असे दोन आकडे असतील, तर जो आधी पूर्ण होईल तो धरायचा.

ढोबळमानाने सांगायचं तर ६० हजार किलोमीटरनंतर बेल्टवर बारीक लक्ष ठेवावं आणि १ लाखाच्या आसपास तो बदलायची तयारी ठेवावी. चांगल्या प्रतीचा बेल्ट त्याहून जास्तही टिकतो. पण गाडी रोज ट्रॅफिकमध्ये अडकत असेल, एसी सतत चालू असेल, कच्च्या रस्त्यावरची धूळ-चिखल उडत असेल किंवा गाडी पुराच्या पाण्यातून गेली असेल, तर मॅन्युअलमधल्या आकड्याची वाट बघू नका.

गाडी कमी चालते म्हणून बेल्ट नवाच राहतो, असंही नाही. सहा-सात वर्षांत गाडी जेमतेम ३० हजार किलोमीटर फिरली असेल, तरी इंजिनच्या उष्णतेने आणि वयाने रबर कडक होतं.

भेगा नाहीत म्हणजे बेल्ट चांगला?

नाही. बहुतेकांची चूक इथेच होते.

जुने बेल्ट निओप्रीन रबराचे असायचे. ते जुने झाले की त्यांना आडव्या भेगा पडायच्या. एका रिबवर साधारण ३ इंचांत ३ किंवा जास्त भेगा दिसल्या की बेल्ट बदलायचा, असा सोपा ठोकताळा होता.

आता बहुतेक गाड्यांत ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचे बेल्ट येतात. त्यांना सहजासहजी भेगा पडत नाहीत. ते टायरसारखे झिजतात. वरून काळाभोर, गुळगुळीत दिसणारा बेल्ट आतून पार झिजलेला असू शकतो.

झिजल्यावर होतं काय? नव्या बेल्टच्या दोन रिबमधली खाच ‘व्ही’ आकाराची असते. रबर झिजत गेलं की ती रुंद आणि खोल होऊन इंग्रजी ‘यू’सारखी दिसायला लागते. मग बेल्ट पुलीत जास्त आत बसतो, बाजूची पकड सुटते आणि तो घसरायला लागतो. घसरला की तापतो, तापला की आणखी लवकर झिजतो.

घरी कसं तपासायचं?

इंजिन बंद, थंड आणि चावी काढलेली असतानाच हात घाला. काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही रेडिएटरचा पंखा अचानक सुरू होतो, त्यामुळे बोटं त्यापासून लांब ठेवा. मोबाइलचा टॉर्च घ्या आणि या गोष्टी बघा.

• रिबचा एखादा तुकडा उडालाय का, भेगा आहेत का.
• कडेचे धागे सुटलेत का. कड उसवली असेल तर पुली सरळ रेषेत नसण्याची शक्यता मोठी.
• रिबच्या बाजूने चकाकी आलीय का. तशी चमक म्हणजे बेल्ट घसरत होता.
• ऑइल किंवा कूलंट लागलंय का. तसं असेल तर आधी गळती बंद करायला हवी, नाहीतर नवा बेल्टही त्याच वाटेने जाईल.
• खाचांमध्ये खडे, चिखल अडकलाय का.

ज्या बाजूला रिब आहेत ती वरून दिसत नसेल, तर मोबाइल खाली सरकवून फोटो किंवा व्हिडिओ काढा. झीज मोजायला प्लास्टिकचं छोटं गेज मिळतं. चांगल्या गॅरेजमध्ये ते असतं.

आवाजावरून काय ओळखायचं?

लांब, कर्कश ‘किर्रर्र’ असेल आणि ती एसी लावल्यावर, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर किंवा गाडी सुरू करताना येत असेल, तर बेल्ट ताणाअभावी घसरतोय. चिमणीसारखी तुटक ‘चिक-चिक’ असेल, तर एखादी पुली तिरकी बसलेली असू शकते. सतत घरघर किंवा खरखर येत असेल, तर बेल्टऐवजी एखाद्या पुलीच्या बेअरिंगवर संशय घ्यावा.

मेकॅनिक एक सोपी चाचणी करतात. इंजिन चालू असताना बेल्टच्या रिबवर पाण्याचा हलका फवारा मारतात. आवाज वाढला तर ताणाचा प्रश्न. आवाज क्षणभर थांबून पुन्हा आला तर पुलीच्या रेषेचा प्रश्न. चालत्या इंजिनाजवळ हे करायचं असल्याने सवय नसेल तर स्वतः करू नका.

पावसात आवाज जास्त येतो त्याचंही कारण हेच. आधीच ढिला किंवा झिजलेला बेल्ट ओला झाला की घसरतो, आणि सुकला की आवाज जातो. आवाज गेला, तरी झीज तशीच राहते.

यावर उपाय म्हणून बेल्टवर मारायचे स्प्रे मिळतात. काहीजण साबण किंवा पावडरही लावतात. याने आवाज काही दिवस दबतो, पण धूळ चिकटते आणि मूळ दोष झाकला जातो. ते टाळावं.

फक्त बेल्ट बदलून भागतं का?

बेल्ट ताणून धरायला स्प्रिंगचा टेन्शनर असतो आणि त्याला वळण द्यायला आयडलर पुली. बेल्टइतकेच किलोमीटर यांनीही काढलेले असतात. टेन्शनरची स्प्रिंग सैल पडली असेल, तर नवा बेल्टही काही महिन्यांत ओरडायला लागतो.

बेल्ट काढल्यावर प्रत्येक पुली हाताने फिरवून बघायची. ती गुळगुळीत, बिनआवाज फिरायला हवी. खरखर लागली किंवा पुली डुगडुगली, तर बेअरिंग गेलंय. ते जाम झालं तर नवा बेल्ट जळून तुटू शकतो. म्हणून १ लाखाच्या आसपास बेल्ट बदलताना टेन्शनर आणि आयडलरही बदलण्याचा सल्ला दिला जातो. तो दर वेळी बिल वाढवण्यासाठीच असतो असं नाही, पण पुली तुमच्यासमोर फिरवून दाखवायला जरूर सांगा.

बेल्ट कसा बदलतात?

ऑटोमॅटिक टेन्शनर असलेल्या गाडीत, हात पोहोचेल इतकी जागा असेल तर हे काम अवघड नाही. पायऱ्या अशा:

१. गाडी सपाट जागेवर लावा, हँडब्रेक ओढा, इंजिन थंड होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. गळ्यातली साखळी, ओढणी, सैल बाह्या आवरून घ्या.

२. बेल्टच्या वाटेचा फोटो काढा. काही गाड्यांत बॉनेटखाली तिचा स्टिकर असतो. ही पायरी चुकवू नका. वाट चुकली तर वॉटर पंप उलटा फिरू शकतो.

३. टेन्शनरच्या बोल्टवर किंवा चौकोनी खाचेत लांब दांड्याचा पाना लावून तो सैल होण्याच्या दिशेने फिरवा. ताण गेला की बेल्ट हाताला सोप्या अशा पुलीवरून सरकवा. मग टेन्शनर हळूहळू परत सोडा, झटक्यात नाही. बोटं मध्ये येऊ देऊ नका.

४. जुना आणि नवा बेल्ट शेजारी धरा. लांबी आणि रिबची संख्या जुळायला हवी.

५. पुली फिरवून तपासा, खाचा कोरड्या कापडाने पुसा.

६. नवा बेल्ट फोटोप्रमाणे बसवा. शेवटी टेन्शनर पुन्हा फिरवून बेल्ट उरलेल्या पुलीवर चढवा. शक्यतो ती खाचा नसलेली, गुळगुळीत पुली असावी.

७. प्रत्येक पुलीवर सगळ्या रिब खाचांत बसल्यात का, हे बोटाने चाचपून बघा. एक रिब बाहेर राहिली तरी बेल्ट थोड्याच वेळात फाटतो.

८. बॅटरी जोडा, इंजिन अर्धा मिनिट चालवून बंद करा आणि पुन्हा एकदा बघा.

भारतातल्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवं असतं आणि बेल्ट एका बाजूला अडचणीत असतो. त्यासाठी पुढचं चाक आणि आतलं प्लास्टिकचं कव्हर काढावं लागतं. नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीत हात घालू नका. तिला पक्का स्टँड हवाच.

काही गाड्यांत टेन्शनर नसतो, अल्टरनेटरचा बोल्ट सैल करून ताण हाताने लावावा लागतो. तिथे बेल्ट गरजेपेक्षा घट्ट झाला तर अल्टरनेटर आणि वॉटर पंपाची बेअरिंग लवकर जातात. काही गाड्यांत स्ट्रेच बेल्ट असतो. तो खास साधनाने चढवतात आणि एकदा काढला की पुन्हा वापरत नाहीत. या दोन्ही प्रकारांत काम मेकॅनिककडेच द्यावं.

मापाचा कोड कसा वाचायचा?

बेल्टच्या पाठीवर ‘६ पीके १७५०’ असा काहीतरी कोड असतो. ६ म्हणजे रिबची संख्या, ‘पीके’ हा मोटारींत वापरल्या जाणाऱ्या रिबचा प्रकार आणि १७५० म्हणजे मिलिमीटरमधली लांबी. ‘चालून जाईल’ म्हणून थोडा लांब बेल्ट बसवला, तर टेन्शनर त्याला पुरेसा ताण देऊ शकत नाही.

मारुती सुझुकीच्या ‘स्मार्ट हायब्रिड’ गाड्यांत जास्त काळजी लागते. त्यांत स्टार्टर आणि जनरेटर यांचं एकत्र यंत्र बेल्टनेच इंजिनाला जोडलेलं असतं. सिग्नलला बंद झालेलं इंजिन पुन्हा सुरू करायची आणि गाडीला जोर द्यायची ताकद याच बेल्टमधून जाते. तिथे कंपनीने सांगितलेलाच बेल्ट वापरा.

गॅरेजमध्ये काय विचाराल?

‘दादा, हा बाहेरचा बेल्ट की टायमिंगचा?’ हा पहिला प्रश्न. मग जुना बेल्ट हातात मागून घ्या, नव्याचा कोड त्याच्याशी जुळवा आणि टेन्शनर-आयडलर फिरवून बघितले का, ते विचारा. बिलावर बदलाचे किलोमीटर लिहून घ्या. पुढच्या वेळी अंदाज लावत बसावं लागणार नाही.

रस्त्यातच तुटला तर?

बॅटरीचा लाल दिवा लागला आणि स्टिअरिंग जड झालं, तर एसी बंद करा, हझार्ड लाइट लावा आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून गाडी डावीकडे घ्या. गाडी पूर्ण थांबेपर्यंत चावी फिरवू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. थांबल्यावर लगेच इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. मागे त्रिकोणी रिफ्लेक्टर ठेवा आणि सगळ्यांना गाडीबाहेर, रस्त्यापासून लांब उभं करा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे.

मोजा किंवा दोरी बांधून गाडी घरी आणल्याचे जुने किस्से तुम्ही ऐकले असतील. ते एक-दोन पुलींच्या ‘व्ही’ पट्ट्याचे. नागमोडी वाटेच्या बेल्टला तो उपाय चालत नाही. गाडी टो करून नेणं हाच मार्ग.

थोडक्यात

मॅन्युअलमधला आकडा बघा, ६० हजारांनंतर प्रत्येक सर्व्हिसिंगला बेल्टच्या रिब दाखवायला सांगा, आणि गणपतीला किंवा दिवाळीला गावी निघण्याआधी दोन मिनिटं टॉर्च मारून स्वतः बघा. सकाळी ‘किर्रर्र’ येत असेल तर गाण्याचा आवाज वाढवू नका. घाट चढण्याआधीच गाडी मेकॅनिकला दाखवा.